एक्काहत्तर रुपयांची कोंबडी

आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर तर कोंबडीच्या पायांसारखं आहे. चौथी झाले तेव्हा वडील म्हणाले, पुष्कळ झालं, आणि माझी पाटी धाकट्या बहिणीकडे गेली. मुलाच्या जुन्या वहीत मागची कोरी पानं उरली आहेत, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी कोणाच्या हाती पडलंच तर आधी अक्षराला हसून घ्या आणि मग पुढे वाचा. गोष्ट कोंबडीचीच आहे, तेव्हा अक्षर शोभून दिसेल.

आम्ही मुलुंडला डोंगराच्या बाजूला एका बैठ्या चाळीत राहायचो. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. आमचे हे एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, म्हणून मी कंपाउंडरीण. नळावर तेच, रेशनच्या दुकानात तेच. सासूबाई "अगं ए" म्हणायच्या. हे "ऐकलंस का" म्हणायचे, आणि मी ऐकलेलं असायचंच, कारण खोली एकच होती. मुलांना मी आई. माझं खरं नाव शेवटचं कोणी घेतलं असेल तर ते शाळेतल्या बाईंनी, हजेरी घेताना. लग्नात चर्चच्या पाळकांनी घेतलं असणार, पण मला तेव्हा घाबरून काही ऐकू येत नव्हतं.

मला याचं काही वाईट वाटत नव्हतं, असंच मी समजत होते. मी लाजाळू. कोणी हाकच मारली नाही तर ओ द्यायची वेळ येत नाही, ही मोठी सोय होती.

तर कोंबडी. चाळीच्या मागे थोडी मोकळी जागा होती, तिथे मी खुराडं ठेवलं होतं. एका वर्षी नऊ पिल्लं निघाली. आठ घारींनी आणि मांजरांनी वाटून घेतली. नववं एका पायाने अधू होतं, ते कोणी नेलं नाही. मी त्याला औषधांच्या रिकाम्या खोक्यात, दवाखान्यातल्या कापसावर ठेवलं. एक दिवस ते मान टाकून पडलं, तेव्हा चुलीपुढे बसूनच मी प्रार्थना केली: प्रभू, हे जगलं तर कापणीच्या सणाला तुला देईन. हे कोणाला सांगितलं नाही. तो माझा आणि देवाचा करार होता. पिल्लू जगलं, मोठं झालं, तिरकं चालणारी तांबूस कोंबडी झालं.

आमच्या चर्चच्या मंडळीत कापणीचा सण नोव्हेंबरात व्हायचा. चर्चची स्वतःची इमारत नव्हती, एका शाळेचा हॉल रविवारी मिळायचा. शेती तर कोणाची उरली नव्हती, पण नगरकडून आलेली माणसं सण सोडायला तयार नव्हती. कोणी भोपळा आणायचं, कोणी केक, कोणी उसाची मोळी, कोणी डझनभर अंडी. उपासना झाली की त्या सगळ्याचा लिलाव. गंमत अशी की बहुतेक जण आपलाच केक आपणच जास्त पैसे देऊन परत घ्यायचे. पैसे मंडळीला, केक घरी, आणि देव खूश.

दाराशी टेबल टाकून मंडळीचे खजिनदार बसायचे. ते शाळेत मास्तर होते. मी पिशवीतून कोंबडी काढली. मास्तरांनी वही उघडली, वर न बघता म्हणाले, "नाव?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी वर बघितलं, "हां, वहिनी तुम्ही होय," म्हणाले आणि लिहिलं, 'कंपाउंडरसाहेबांकडून, कोंबडी एक.'

मी तोंड मिटलं. पण आत कुठेतरी काहीतरी टोचलं. करार माझा, प्रार्थना माझी, कापूस तेवढा दवाखान्यातला, आणि कोंबडी कंपाउंडरसाहेबांकडून. कंपाउंडरसाहेबांना तर तिचा कोणता पाय अधू आहे तेही सांगता आलं नसतं.

हॉलमध्ये पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे बसायच्या. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या खांबाआड. शेजारी एक आजी बसायच्या, विधवा, पूर्वी इस्पितळात आया होत्या. बाहेर बसलेल्या पेशंटांना हाका मारून मारून त्यांचा आवाज असा झाला होता की त्या हळू बोलल्या तरी पाळक उपदेशात थांबायचे.

भोपळा गेला, केक गेले, मग मास्तरांनी कोंबडी वर धरली. ती मान वाकडी करून सगळ्यांकडे बघत होती. मला वाटलं, मला शोधते आहे.

"दहा रुपये," कोणीतरी म्हणालं.

"पंधरा."

मी काय केलं ते अजून मला खरं वाटत नाही. आजींच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "वीस म्हणा ना."

आजींनी माझ्याकडे बघितलं. एक भुवई वर गेली. मग "वीस," असं त्या म्हणाल्या की हॉलच्या काचा हलल्या.

"पंचवीस," डावीकडून आवाज आला. पुढे बरीच डोकी होती, आणि माझ्यापुढे खांब.

"तीस म्हणा."

"तीस."

"पस्तीस," पुन्हा तोच.

मजा येत होती हे कबूल करते. देवाच्या घरात, लिलावात, परक्याच्या तोंडाने मी भांडत होते. चाळीसला बाकीचे गप्प झाले. उरलो आम्ही दोघं, आजींचा आवाज आणि तो डावीकडचा. पन्नास झाले. साठ झाले. तेवढ्यात बाजारात तीन धडधाकट कोंबड्या आल्या असत्या.

"म्हातारीला कोंबडी कशाला हवी एवढी," पुढून एक बाई कुजबुजली.

"दात नाहीत, पण हौस आहे," आजी म्हणाल्या. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"सत्तर," डावीकडचा म्हणाला, आणि त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. पण तोपर्यंत माझे ओठ आजींच्या कानाला लागले होते.

"एक्काहत्तर," आजी म्हणाल्या.

मास्तरांनी एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं आणि टेबलावर हात मारला. "आजींच्या नावावर."

"माझ्या नाही. हिच्या," आजींनी माझा दंड धरून मला खांबाआडून बाहेर ओढलं.

"अरे, वहिनी. मग कंपाउंडरसाहेबांच्या नावावर."

तेव्हा डावीकडून आमचे हे उभे राहिले. चेहरा पांढरा. "अगं," ते म्हणाले, "मी तुझ्यासाठीच बोलत होतो. खिशात सत्तरच होते."

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. नवरा-बायकोनं आपलीच कोंबडी एकमेकांविरुद्ध बोली लावून एक्काहत्तरला नेली होती. सासूबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. पाळकसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

"बरं, कोणाच्या नावावर लिहू?" मास्तर डोळे पुसत म्हणाले.

"तो हरला," आजी म्हणाल्या. "हरलेल्याच्या नावावर कोण लिहितं?"

"मग सौभाग्यवती कंपाउंडर असं लिहितो."

"मास्तर, बाप्तिस्म्याच्या वेळी हिला सौभाग्यवती कंपाउंडर म्हणून पाणी लावलं होतं का हो?"

पाळकसाहेब खिडकीकडून वळले. मग मास्तरांनी खरंच विचारलं, "वहिनी, नाव काय तुमचं?"

अकरा वर्षं मी त्या मंडळीत जात होते. कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता, मीच कधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगायला गेले तर आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा नाव इतक्या जोरात बाहेर पडलं की कोंबडी मास्तरांच्या हातातून उडाली. ती बायकांच्या पायांतून तिरकी धावत थेट माझ्याकडे आली. ते नाव मी इथे लिहीत नाही. मास्तरांच्या वहीत आहे.

माझ्याकडे अकरा रुपये होते, ते भरले. साठ राहिले. ईस्टरच्या आत भरायचे, असा नियम.

घरी जाताना हे म्हणाले, "मी भरून टाकतो साठ, खिशात आहेतच."

"नको. कोंबडी माझी आहे."

"आणि घर कोणाचं?"

घराचा लिलाव होईल तेव्हा बघू, असं मी म्हणाले नाही. मनात म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "आपलीच कोंबडी, आपलेच पैसे, आणि देणंही आपल्याच डोक्यावर. असा सौदा मी बाई जन्मात बघितला नव्हता." पण दुसऱ्या दिवशी खुराड्याची कडी त्यांनीच दोनदा बघितली. एक्काहत्तर रुपयांची वस्तू होती.

मी शर्टांना काज-बटणं करायचं काम घरी आणलं. आणि अंडी. नियम केला की घरातलं असो की बाहेरचं, अंडं रुपयाला एक. शेजारची मालवणी वहिनी म्हणाली, "गे कंपाउंडरनी, सोन्याचा अंडा घालता काय तुझी कोंबडी?" पण आठवड्याला एक घ्यायची. बाकीची आमचे हे खायचे. त्यांना अंडं कधीच फारसं आवडायचं नाही. तरी रोज सकाळी विचारायचे, "आज आहे का?" आणि ताटाशेजारी न बोलता रुपया ठेवायचे. दोन महिन्यांत त्यांना अंड्याचा वाससुद्धा सहन होईना, पण रुपया ठेवत राहिले.

आता खरी लबाडी सांगते, जी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूची भाकर वाटायच्या आधी, मास्तर येणं बाकी असलेल्यांची यादी वाचायचे. लोकांना त्याची फार लाज. डिसेंबरात त्यांनी माझं नाव वाचलं. नुसतं माझं, पुढे-मागे कोणी नाही. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हजर."

हळूच निघालं, पण आजींनी ऐकलं. त्यांना हसू आवरेना म्हणून त्या खोकल्या, आणि त्यांच्या खोकल्याने मास्तरांची ओळ चुकली.

यांनी मान खाली घातली होती. मला मात्र घरी जाईपर्यंत गुदगुल्या होत होत्या. मग काय, मला चटकच लागली. जानेवारीच्या शेवटी डब्यात साठ रुपये जमले होते, तरी मी भरले नाहीत. फेब्रुवारीत पुन्हा नाव ऐकलं. मार्चातही ऐकलं. साठ रुपये तांदळाच्या डब्यात आणि मी चर्चमध्ये नवी साडी नेसून, देणेकरी म्हणून नाव ऐकायला.

"अजून जमले नाहीत का?" आजी माझ्याकडे बारीक डोळे करून म्हणाल्या. "का जमूनही जमेनात?"

मी गाण्याच्या पुस्तकात डोकं घातलं.

त्याच मार्चात प्रभुभोजनाला आम्ही पुढे जाऊन गुडघे टेकले. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला आजी. त्या दिवशी आमचे पाळक गावी गेले होते आणि दुसरीकडचे एक म्हातारे पाळक आले होते. ते आम्हाला कोणालाच ओळखत नव्हते. ते एकेकीच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवत पुढे येत होते. सासूबाईंच्या हातावर ठेवला. मग माझ्या. ही कोणाची कोण, त्यांनी विचारलं नाही. माझा तुकडा सासूबाईंच्या हातावर देऊन, सुनेला द्या, असं म्हणाले नाहीत. यांना बोलावून, तुमच्या बायकोचा घ्या, असंही नाही. माझा हात पुढे होता, म्हणून माझ्या हातावर ठेवला. अकरा वर्षं मी हे दर महिन्याला करत होते आणि बघितलं नव्हतं. इथे माझ्या वतीने हात पुढे करायला कोणी चालत नाही, आणि कोणी लागतही नाही.

मग चुलीपुढची ती प्रार्थना आठवली. पिल्लू मान टाकून पडलं होतं तेव्हा मी कोणाची बायको, कोणाची सून म्हणून मागितलं नव्हतं. आणि ज्याच्याकडे मागितलं त्याने दिलं होतं, तेव्हा माहीत असणारच त्याला कोण मागतंय ते. मी मात्र देवाच्या घरात माझं नाव गाजावं म्हणून बिचाऱ्या मास्तरांना दर महिन्याला राबवत होते, आणि मंडळीचे साठ रुपये तांदळात पुरून ठेवले होते. तुकडा तोंडात असतानाच मला लाजही वाटली आणि हसूही आलं. आजींनी कोपराने ढोसलं.

पुढच्या रविवारी उपासनेआधीच मी डबा पिशवीत घालून नेला. हे टेबलापर्यंत बरोबर यायला निघाले, मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी येते." ते बसले.

मास्तर टेबलाशी होते. मी डबा उपडा केला. बहुतेक नाणीच, थोडे तांदूळही पडले. मास्तरांनी तांदूळ बाजूला सारले, मोजले, पुन्हा मोजले.

"बरोबर साठ," ते म्हणाले. "एवढी नाणी कुठून आणलीत, वहिनी?"

"कंपाउंडरसाहेबांनी अंडी खाल्ली," मी म्हटलं. मास्तरांशी बोललेलं हे माझं पहिलं पूर्ण वाक्य.

त्यांनी वही उघडली, बोट खाली नेत नेत ओळ शोधली आणि मोठ्याने वाचली, माझं नाव.

"हजर," मी म्हटलं, या वेळी मुद्दाम.

मास्तर हसले, आणि त्या ओळीपुढे त्यांनी लिहिलं, 'पूर्ण मिळाले.'