हर्रासातलं भांडण

आधी डोक्यावरची टोपी काढायची, ती कापसाच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, आपटायची आणि मग समोरच्याच्या अंगावर धावून जायचं. "अबे, कापूस घेऊन राह्यला का भाजीपाला?" घाटंजीच्या कापूस बाजारात हा आवाज उठला की लोक हातातला चहा टाकून पळत यायचे. मीही पळायचो. आणि काय सांगू तुम्हाला, आजही हर्रासात, कापसाच्या लिलावात, कुणाचा आवाज चढला की माझी मान वळतेच. तिथं दादा नसतात, माहीत आहे. तरी वळते.

दादा एका जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे, खरेदीदार आणि मी त्याच जिनिंगच्या ऑफिसात नवा टायपिस्ट. घरं शेजारी, मधे एक कुडाची भिंत, इकडचं तिकडं सगळं ऐकू येणारी. मी त्यांना दादा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. काळ म्हणाल तर नवीन महाराष्ट्र झाला, त्याच्या आसपासचा.

दादांचा दुश्मन म्हणजे दुसऱ्या जिनिंगचे खरेदीदार, नानाजी. उंच माणूस, आवाज ढोलासारखा. दादांनी बोली केली की नानाजी वर चढायचे, मग दादा, मग पुन्हा नानाजी. पार आईबापापर्यंत जायचे हो! कापूस विकायला आलेले कास्तकार खूश. इतकं भांडून घेतात म्हणजे भाव बरोबरच असणार, नाही का?

वहिनीनं तर नानाजींच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दारातूनच परत केली. "ज्यानं माह्या मालकाले चारचौघात चोर म्हटलं, त्याच्या घरचा लाडू मले नाई पचत!" दादा खाली मान घालून जेवत राहिले. मी समोरच होतो. मला वाटलं, रागावलेत.

एकदा जिनिंगच्या मालकांचा निरोप घेऊन मी दादांना शोधत बाजारामागच्या हॉटेलात गेलो. हर्रास सुरू व्हायचा होता. आतल्या खोलीत गावातले सगळे खरेदीदार बसलेले, आणि दादा अन् नानाजी एकाच बशीतून चहा पीत होते! एकाच बशीतून! एक घोट हा, एक घोट तो. आणि बोलणं काय चाललेलं? आज भाव कुठवर न्यायचा, कुठं थांबायचं, कोणती बंडी कुणी उचलायची. सगळं इथंच ठरायचं. बाहेर राहायचा फक्त तमाशा.

दादांनी माझा दंड धरला. "पाह्यलं ते पाह्यलं. घरी बोलू नको बाप्पा."

मी नाही बोललो. खरं सांगू का, मला तेव्हा गंमतच वाटली. एकदा यवतमाळहून बाजार तपासायला सरकारी साहेब आले. म्हणाले, बोली उघड्यावर झाली पाहिजे, आपसात भाव ठरवणं कायद्यात बसत नाही, आणि तुम्ही संगनमत करता अशी तक्रार आहे. "संगनमत? याच्यासंगं?" दादा ओरडले, नानाजींनी बाह्या सरसावल्या, आणि बिचारे साहेबच मधे पडले सोडवायला! त्यांचा चष्मा कापसात गेला. तो शोधायला दादा आणि नानाजी बंडीत वाकले, तेव्हा दोघांचेही खांदे हलत होते. मी पाहिलं ना. हसू दाबत होते.

मग वहिनीच्या माहेरची बंडी आली. तिचा धाकटा भाऊ बाभुळगावकडचा. जवळचा बाजार सोडून तो एवढ्या लांब आला होता. "भाऊजी असल्यावर फिकर कायची?" कापूस असा पांढरा की बघत राहावं. पण ती बंडी त्या दिवशी नानाजींच्या वाट्याची होती, आणि भाव हॉटेलात ठरून गेला होता. मेहुण्याला बरा भाव मिळायला दादांनी फक्त एक बोली वर जायला हवं होतं. गेले असते तर दुसऱ्या दिवसापासून सगळे खरेदीदार मिळून त्यांच्या बोलीवर चढले असते, त्यांना एक बंडी मिळू दिली नसती, आणि नोकरी संपली असती.

दादा त्या दिवशी जे भांडले! नानाजीसुद्धा एक पाऊल मागं सरले. डोळे लाल, मानेच्या शिरा तट्ट. आणि बरोबर ठरलेल्या भावाला आवाज बंद. मेहुणा पाया पडला. दादांनी पाय मागं घेतले.

संध्याकाळी वहिनी माझ्या आईला सांगत होती, "माह्या भावासाठी जीव काढला हो यायनं! घसा पाहा कसा बसला."

घसा बसला तो बसलाच. मग खोकला, मग खाट. रोज भिंतीपलीकडून तेच ऐकू यायचं. "ऐक ना, त्या नानाजीचं मले तुले..." "त्या माणसाचं नाव काढू नका या घरात!" मग खोकला. मी इकडे अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडायचो.

एकदा मला जवळ बोलावलं. आवाज कसला, नुसती हवा. "तिचा भाऊ मले देव समजते रे. मले असं नाई मराचं. नानाजीले निरोप देला. म्हटलं, ती माह्यं ऐकत नाई, तू येऊन सांग. तो हो म्हणे."

नानाजी आले. पण दादा त्याच सकाळी गेले होते.

वहिनी दारात आडवी उभी राहिली. आत दादांना चटईवर ठेवलेलं, उशाशी मेहुणा. अंगणात गाव जमलेलं.

"कायले आले? पाहाले?"

"वहिनी, मले तुमाले एक सांगाचं होतं. त्यानंच सांग म्हटलं होतं."

"मंग सांगा न. साऱ्या लोकायसमोर सांगा."

नानाजींनी तिच्याकडं पाहिलं, आत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आणि मग त्यांनी तो बाजारातला आवाज काढला, अंगण दणाणलं, "तुमच्या मालकानं मले जिंदगीत एक बंडी सस्त्यात उचलू देली नाई!"

आणि वळून, कुणाकडं न बघता, फाटकाबाहेर गेले.

सकाळपासून कोरडी बसलेली वहिनी तेव्हा मोठ्यानं रडली. मेहुण्यानं दादांच्या पायांवर डोकं ठेवलं. "पाह्य बाई," तो बहिणीला म्हणाला, "दुश्मन असून खरं बोलला."