पूजेआधीचं पाणी

खरं लिहायचं तर त्या दिवसांत माझा देवावर राग होता. अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून पूजेला बसायचो, पण मनात भांडण चालू असायचं. साठ वर्षं ज्या डाव्या तळहातावर तुला बसवलं, त्याच हातात हा थरकाप का म्हणून घातलास? उजव्या हातात घातला असतास तर मी तोंडातून शब्द काढला नसता. आमच्या लिंगायत घरांत इष्टलिंग गळ्यात असतं. पूजेला ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं पाणी, भस्म, बेल वाहायचा. देव्हारा नसला तरी चालतं, तळहात पाहिजे. माझा तळहातच माझा राहिला नव्हता.

सिरसाळ्यात माझं किराणा दुकान होतं. चौथीपर्यंत शिकलो, पुढं सगळं गल्ल्यावर बसून शिकलो. दुखणं सुरू झालं ते अंगठ्यापासून. बसल्या जागी अंगठा बोटावर फिरायला लागला, तंबाखू मळल्यासारखा. मी जन्मात तंबाखूला शिवलो नाही. मग पुडी बांधताना साखर सांडायला लागली, कपबशी वाजायला लागली. समोरच्या हॉटेलात एक जण म्हणाला, "काय अप्पा, म्हातारपणी सुरू केली का?" सगळे हसले. मीबी हसलो, आणि त्या दिवसापासून हॉटेलात चहा घेतला नाही. पुढं लग्नाच्या पंगतीला जाणं सोडलं, कारण पंगतीत ताट वाजतं. दुकान भाड्यानं दिलं. बायको आधीच गेलेली. पोरगा पुण्याहून फोन करायचा, इकडं या म्हणायचा. मी म्हणायचो, मला काय झालंय? फोनवर हात दिसत नाही, हे बरं होतं.

तरी एकदा लपून बीडला मज्जातंतूंच्या डॉक्टरकडं गेलतो. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, एक ओळ लिहायला दिली. ओळीच्या शेवटाला माझं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. ते म्हणाले, "हा कंपवात आहे. मेंदूत एक रस तयार होतो, तो कमी पडतोय. पुरता बरा होत नाही, पण गोळीनं हात आवरता येतो. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी घ्या, तासाभरात लागू पडेल." मी मान हलवली. पण आमच्या वडिलांची शिस्त अशी की लिंगपूजेआधी पाण्याचा थेंब तोंडात जायचा नाही. डॉक्टरला आमच्या नेमातलं काय कळतंय, असं म्हणून मी गोळी पूजेनंतर घ्यायला लागलो. म्हणजे आठ वाजता हात शांत व्हायचा, आणि सहा वाजता देवापुढं थरथरायचा. वर्षभर असं चाललं. ही चूक मला दिसली नाही. नेम पाळतोय याचाच मोठेपणा वाटायचा.

एका सोमवारी पाणी घालताना लिंग तळहातावरून निसटलं. फरशीवर आवाज झाला आणि ते पलंगाखाली गेलं. मी रांगत जाऊन शोधलं. अंधारात हात फिरवताना तोंडातून नमः शिवाय निघत नव्हतं, नुसता श्वास निघत होता. सापडल्यावर धोतराच्या सोग्यात धरून तिथंच भिंतीला टेकलो. लिंग अंगावरून पडलं तर ते पुन्हा शुद्ध करून मिळेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, असं लहानपणापासून ऐकलेलं. कुणाला सांगितलं नाही. दार लावून घेतलं. गोळ्याही घेतल्या नाहीत, कारण त्यांना पाणी लागतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दिंद्रुडवरून बीडला आणि तिथून मांजरसुंब्याला उतरून रिक्षानं कपिलधारला, आमच्या लिंगायतांच्या तीर्थाला गेलो. पायऱ्या उतरताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत होते. तिथं एक वयस्क जंगमस्वामी, म्हणजे आमच्यातले गुरू, भेटले. मी सगळं सांगितलं, नुसतं गोळीचं सोडून. त्यांनी लिंगाला धारेच्या पाण्यानं अभिषेक केला, मंत्र म्हटले, आणि माझ्या हातात देत म्हणाले, "घ्या अप्पा. पूजा करा आन् मग दोन घास खा. पडलं म्हणून देव रुसत न्हाई."

पण पूजा करायची कशी? धबधब्याखालच्या कुंडाजवळच्या पायरीवर बसलो. उपाशी पोट, गोळी नाही, हात सुपासारखा पाखडत होता. लिंग तळहातावर ठेवायचो आणि लगेच मूठ मिटायचो. तीनदा तसं केलं. बाजूनं माणसं जात होती, कुणी दर्शनाला, कुणी धबधबा बघायला. एवढ्या माणसांत मला वाटलं, आपण इथंच बसून संपलो तरी कुणाला कळणार नाही. मी डोळे मिटून म्हणालो, आता तूच बघ. यात भक्ती काही नव्हती. माझ्याजवळचं सगळं संपलं होतं, म्हणून म्हणालो.

"बाबा, धरू का?"

शेजारच्या पायरीवर एक बाई बसली होती. उन्हानं रापलेली, हाताला कोयत्याचे घट्टे, ऊसतोडीला जाणाऱ्यांपैकी असावी. मी फटकन म्हणालो, "लिंग हाय हे. शिवायचं न्हाई कुणी."

"देवाला कुठं शिवते? तुमच्या हाताखाली हात धरते. हाताला तर शिवलेलं चालतंय ना?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. आपला पालथा हात गुडघ्यावर टेकवला, त्यावर माझा हात घेतला आणि दुसऱ्या हातानं मनगट धरलं. थरथर आतून चालूच होती, पण तळहात ठरला. मी लिंग ठेवलं. पाणी घातलं, भस्म लावलं, बेल वाहिला. मधेच डोळ्यांतलं पाणी खाली पडलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पूजा झाल्यावर ती म्हणाली, "माझा बाप असाच हालायचा. आमी लिंबू उतरवत बसलो, मग कुणीतरी गोळीचं सांगितलं. तुमाला गोळी हाय का?"

"हाय. पूजेनंतर घेतो."

ती हसायला लागली. "पूजेनंतर कशाला? मग काय हातानं माशा मारायच्या हायेत? देवाला लागतो तवा हात चांगला नको का?"

जो नेम वर्षभर मी छाती काढून पाळला, त्याच्यावर ती बाई एवढं बोलून गेली. तिनं फडक्यातली भाकरी आणि ठेचा पुढं केला. मी परजातीच्या घरची भाकरी कधी खाल्ली नव्हती, ती खाल्ली. वरून कुणीतरी टेम्पो निघाल्याची हाक मारली तशी ती उठून गेली. नाव विचारायचं राहिलं. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो की तिथं पन्नास माणसं होती आणि मी आता तूच बघ म्हणाल्यावर तीच बोलली.

संध्याकाळी सिरसाळ्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. लिंग हातात धरून म्हणालो, वडिलांची शिस्त मोडतो, माफ कर. आणि पूजेआधी घोटभर पाण्यासंगं गोळी घेतली. मग तास काढायचा होता. तेव्हापासून रोज तो तास मी नुसता बसून असतो. हात हळूहळू माझा होत येतो. आधी मी पूजा उरकून दिवसाला लागायचो. देवापाशी रिकाम्या हातानं बसायला मला या दुखण्यानं शिकवलं.

गोळी रोजच तेवढी लागू पडते असं नाही. मागच्या आठवड्यात तास होऊन गेला तरी हात ऐकेना. आमच्या भिंतीपलीकडं एका मास्तरचं कुटुंब भाड्यानं राहतं. दोन वर्षं झाली, मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. त्या सकाळी भिंतीकडं तोंड करून मास्तरच्या बायकोला हाक मारली, "सूनबाई, जरा येता का? माझा हात धरायचाय."

पलीकडं भाकरी थापायचा आवाज थांबला. ती आली, पिठाचे हात पदराला पुसत, आणि काही न विचारता समोर बसली. देवा, तू माझा हात थांबवला नाहीस. तो धरायला माणूस दिलास. माझ्यासारख्या हट्टी माणसाला हाक मारायला एवढा उशीर लागला, तो दोष तुझा नाही.