पेवातलं मीठ

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी आमच्या बाजारात मीठ येईनासं झालं. सरहद्दीपलीकडून माल सुटत नव्हता. घरात अर्धं पोतं उरलं होतं. वडिलांनी ते पेवात, जोंधळ्याच्या खाली ठेवलं. पेव म्हणजे अंगणात खोल खणलेलं धान्याचं कोठार. वरून माती लोटली की कुणाला दिसत नसे. लुटारूंची भीती होती. जोंधळा टिकतो तिथे मीठही टिकेल, असं वडिलांनी धरलं.

श्रावणात मुत्त्या, म्हणजे आजोबा, वारले. आमच्यात जाळत नाहीत. मृताला आधी घरात भिंतीला टेकवून बसवतात, मग खड्ड्यात बसवून भोवती विभूती आणि मीठ घालतात. "मिठाबिगर बसवू नका मला," असं आजोबांनी आजारपणात बजावलं होतं. वडिलांनी व्हय म्हटलं होतं.

सकाळी पेव उघडलं. जोंधळ्याला कुबट वास येत होता. तळाचं पोतं ओलं आणि रिकामं होतं. पाणी झिरपलं होतं. वडिलांनी तळाची माती जिभेला लावली.

"खारट हाय."

थोरला भाऊ उर्दू शाळेत पाचवीला होता. तो म्हणाला, मीठ गेलं न्हाई, मातीत मिसळलंय. माती पाण्यात कालवायची. मीठ विरघळतं, माती खाली बसते. वरचं पाणी गाळून आटवलं की मीठ परत मिळतं. अशा पाण्याला मास्तर महलूल म्हणत.

"मुत्त्या भिंतीला बसलाय अन् ह्यांची शाळा भरायलीय," आत्या म्हणाली.

धोतराची चौपदरी घडी करून पाणी गाळलं. ते विहिरीच्या पाण्यासारखं नितळ दिसत होतं. चाखल्यावरच मीठ कळे. सरपण ओलं होतं. दुपार टळली तरी पातेल्यात निम्मं पाणी होतं. विधी करणारे जंगम स्वामी दिवस बुडायच्या आत उरकायला सांगत होते.

पातेल्याच्या काठाला करडी पापडी धरली. वडिलांनी ती खरवडून चाखली.

"कडू कामून लागायलंय?"

"पुस्तकात कडू न्हाई," भाऊ म्हणाला.

जमिनीतले इतर क्षारही पाण्यात विरघळतात आणि कापड त्यांना अडवत नाही, हे पुढे कळलं.

आत्या उठली. "आटवायलाव कशाला? शेवटी मातीतच घालायचंय की. तीच खारी माती ओता."

कुणीतरी हसलं.

"माती समद्यालाच मिळती, अक्का," वडील म्हणाले. ते आणखी थोडा वेळ चुलीपाशी बसले. मग मूठभर ओलसर मीठ फडक्यात बांधून उठले.

खड्ड्यात त्यांनी ते आजोबांच्या मांडीशी ठेवलं. आजोबांना पुरेल इतकं ते नव्हतं. वर माती ओढली.

परतताना पाऊस लागला. सगळे भरभर चालू लागले. वडील मात्र थांबले आणि मागे बघत उभे राहिले. पाण्यात मिठाचं काय होतं, ते त्यांनी सकाळीच पाहिलं होतं.