दुधाने पुसलेली पाने

मुलांनो, सानगडीला आमच्या शेजारच्या बाईंच्या बैठकीत मनीप्लँटचा वेल पार छताला टेकला होता. त्या रोज वाटीतल्या दुधात फडकं बुडवून एकेक पान पुसत. शेंडा खाली वळला की दोऱ्याने वर बांधत, कारण वेल उतरला की घर उतरतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या सुनेला दुसरी मुलगी झाली, तेव्हा मी भेटायला गेले. सून सासूला म्हणाली, "मामीजी, अंगावर दूधच येऊन नाही राहिलं. कपभर द्या ना."

"पोरगीच तं झाली. काळा चहा पे," बाई पान पुसता पुसता म्हणाल्या.

मी घरून तांब्याभर दूध आणलं. "कायले तकलीफ केली, बाई?" असं हसून म्हणत त्यांनी तांब्या घेतला आणि आधी फडक्याची वाटी भरली.