झिजलेली कड आणि अठरावं नाव

हॉकी क्लबच्या फाटकाला लागून तीन पायऱ्या होत्या. त्या चढून गेलं की गोंदकाकांचं दुकान. दुकान कसलं, सात पावलं लांब आणि पाच पावलं रुंद अशी एक खोली. एका भिंतीवर चोवीस खुंट्या, खिडकीपाशी काकूंचं शिवणाचं मशीन आणि मधे एक लांब टेबल. टेबलाच्या कोपऱ्यात खिळ्याला एक लोखंडी कडं टांगलेलं असे. स्टिक त्या कड्यातून पार गेली तर ती सामन्यात चालते, अडकली तर नाही. काका एकतीस वर्षं त्या कड्यातून स्टिका काढत आले होते. चिरा बुजवायच्या, मुठीची जुनी ग्रीप सोलून नवी गुंडाळायची, कडा तासायच्या, हा त्यांचा उद्योग. बोटांना कायम गोंद चिकटलेला, म्हणून मुलींच्या कुठल्यातरी पहिल्या तुकडीने त्यांना गोंदकाका केलं आणि ते नाव त्या गोंदासारखंच पक्कं बसलं.

क्लबमध्ये एक रीत होती. संघाची निवड व्हायच्या दिवशी सगळ्या मुलींच्या स्टिका आधी काकांकडे यायच्या आणि यादी पक्की होण्यापूर्वी काकांना बैठकीत बोलावलं जायचं. मत द्यायचा अधिकार नव्हता, पण एकदा बोलायचा मान होता. काका दरवर्षी जायचे, "सगळ्या स्टिका कड्यातून पार," एवढं म्हणायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. एकतीस वर्षांत एक शब्द जास्त नाही.

घरी मात्र तोंडाला कुलूप नव्हतं. कोणती पोर कुठे पोहोचणार आणि कोणती फुकट जाणार यावर ते काकूंचं डोकं उठवत.

"हे सगळं तिथे बोलत जा ना," काकू म्हणायच्या.

"तिथे खेळलेली माणसं बसतात. मी काय, स्टिक दुरुस्त करणारा."

"मग मला कशाला सांगता? मी काय गोलकीपर आहे?"

त्या शनिवारी सकाळी आठ वाजता काकांनी कामाला हात घातला. चोवीस मुलींमधून अठरा निवडायच्या होत्या. सतरा नावं जवळजवळ ठरली होती आणि सगळं घोडं अठराव्यावर अडलं होतं, हे मैदानावरच्या माळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. संघाला डाव्या बाजूने गोल मारणारं कुणी नव्हतं. डावीकडून मारायचं तर स्टिक उलटी करून तिच्या कडेने चेंडू हाणावा लागतो आणि ते येरागबाळ्याचं काम नव्हे. जागेसाठी दोघी उरल्या होत्या. एक भोंगा, जिची हाक फाटकाबाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू यायची. दुसरी मूग, जी तोंडात मूग धरल्यासारखी गप्प असायची. दोघी सतरा वर्षांच्या, उंचीला सारख्या, आणि स्टिकाही क्लबने एकाच वेळी आणलेल्या, एकाच मापाच्या.

काकांची नेहमीची पद्धत अशी की एक स्टिक घ्यायची, ग्रीप सोलायची, नवी गुंडाळायची, नावाची पट्टी परत चिकटवायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. पण यंदा कोचने फर्मान काढलं होतं की सगळ्या ग्रीपा एकाच निळ्या रंगाच्या हव्यात आणि चारच्या आत हव्यात. तेव्हा काकांनी वेळ वाचवायला सगळ्या स्टिका एकदमच सोलल्या. प्रत्येक स्टिक एकेका खुंटीवर टांगली आणि नावाची पट्टी त्या खुंटीखाली भिंतीवर चिकटवली. मग एक एक उतरवून गुंडाळायला लागले.

सव्वाअकराला त्यांच्या हातात ती स्टिक आली. एक स्टिक टेबलावर अर्धवट गुंडाळून पडली होती, तिचा गोंद सुकेपर्यंत त्यांनी शेजारच्या खुंटीवरची उतरवली. अंगठा सवयीने कडेवरून फिरवला आणि तिथेच थांबला.

"अगं, इकडे ये!"

"बाहीवर चौदा नंबर लावतेय. सुई आत आहे."

"राहू दे सुई! ये म्हणतो ना!"

काकू उठल्या. काका स्टिक खिडकीशी नेऊन उजेडात धरत होते. डाव्या कडेला वीतभर लांबीत रंग पार उडाला होता, खालचे धागे दिसत होते.

"बघितलंस? ही कड अशी कधी झिजते? स्टिक उलटी करून, जमिनीला घासत मारलं तर! आणि एकदा दोनदा नाही. हजारदा! दोन हजारदा! आणि आपल्या हिरव्या टर्फवर नाही हं. टर्फवर घासली तर गुळगुळीत होते. ही खरवडलीय. ही पोर कुठेतरी सिमेंटवर, कुणाला न सांगता, रोज मारतेय!"

"अहो, हळू. ओरडायला काय झालं?"

"काय झालं? डावी बाजू सापडली, हे झालं!"

एवढं म्हणून त्यांनी त्या चिंचोळ्या खोलीत खरोखर एक उलटा फटका मारून दाखवला. गोंदाची बाटली आडवी झाली. काकूंनी फडकं आणेपर्यंत काकांनी टेबलावरचं दुसरं सामान बाजूला केलं, हातातली स्टिक खुंटीवर अडकवली आणि खालची पट्टी वाचली. पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, भोंगा.

"भोंगा! ती बडबडी! बघ, माणसाचं काही सांगता येत नाही."

बाराच्या बैठकीला ते जवळजवळ धावतच गेले. निवड समिती म्हणजे दोनच माणसं. कोच, जिने लहानपणी काकांकडूनच पहिली ग्रीप गुंडाळून घेतली होती, आणि सेक्रेटरी, जे पूर्वी गोलकीपर होते आणि आजही दारात आडवेच उभे राहायचे.

"मी सांगतो, भोंगाच," सेक्रेटरी म्हणत होते. "मैदानावर आवाज लागतो. ती मूग गोल मारेल तेव्हाही माफी मागेल."

"आवाजाने गोल होत नाही, सर," कोच म्हणाली. "मूगचे पाय बघा, नजर बघा. पण डावीकडून दोघींनाही मारताना मी पाहिलेलं नाही, हेही खरं. मूग तर मागेच खेळते, तिला चेंडू तिथे मिळतोच कुठे? या काका. सगळ्या पार ना?"

"सगळ्या पार," काका म्हणाले. आणि उठले नाहीत. "पण मला बोलायचंय."

सेक्रेटरींचा कप बशीवर टेकायचा राहिला.

मग काका जे सुटले ते सुटलेच. कड, धागे, सिमेंट, दोन हजार फटके. टेबल बडवून ते म्हणाले, "माणूस थाप मारेल, पण स्टिक कधी थाप मारत नाही. ज्या पोरीने ही कड झिजवलीय तिला घरी बसवलंत तर आपल्यासारखे करंटे आपणच!"

"आणि ती पोर म्हणजे?"

"भोंगा."

"घ्या!" सेक्रेटरींनी मांडीवर थाप मारली. "मी मघापासून काय सांगतोय?"

कोच थोडा वेळ पेन चावत राहिली. मग मान हलवून तिने अठरावं नाव लिहिलं.

काका परत आले ते हवेत तरंगत. राहिलेल्या ग्रीपा गुंडाळताना शीळ घालत होते. तीन वाजल्यापासून मुली स्टिका न्यायला लागल्या. भोंगा पायरीवरूनच ओरडली, "काका, निळी ग्रीप एक नंबर!" आणि स्टिक घेऊन वाऱ्यासारखी गेली. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं काही ती त्यांचीच लेक.

साडेतीनला मूग आली. स्टिक हातात घेतली, एकदा हलकेच फिरवली आणि कडेवरून अंगठा फिरवला. मग उभीच राहिली.

"काय गं, ग्रीप जाड झाली का?"

"नाही काका."

ती तीन पायऱ्या उतरली. परत वर आली.

"काका, ही माझी नाही वाटतं."

"नाव आहे की तुझं."

तिने पट्टीकडे पाहिलं. "हो. असू दे मग," म्हणाली आणि गेली.

काकूंचं मशीन थांबलं. "अहो, मघाची ती झिजलेली स्टिक, ती नेमकी कुठल्या खुंटीवरून काढली होतीत?"

"कुठल्या म्हणजे? भोंग्याच्या."

"अडकवलीत भोंग्याच्या खुंटीवर. काढलीत कुठून? तेव्हा एक स्टिक टेबलावर पण होती ना? म्हणजे खुंट्या दोन रिकाम्या."

काका भिंतीकडे बघत राहिले. सोळा आणि सतरा नंबरच्या खुंट्या, शेजारीशेजारी.

"आणि दुसरं," काकू म्हणाल्या, "भोंगा राहते तिसऱ्या मजल्यावर. मी जर्सी द्यायला गेले होते. खोल्यांतून फरशी आणि बाहेर जिना. मूगचे वडील गोदामाचे रखवालदार. गोदामासमोर हे एवढं सिमेंटचं अंगण आहे."

काकांनी वर पाहिलं. घड्याळात चारला बारा मिनिटं कमी होती. यादी चारला लागणार होती आणि एकदा फलकावर लागलेली यादी क्लबने आजवर कधी बदलली नव्हती.

ते तसेच निघाले. पायात एकच चप्पल राहिली, दुसरी पायरीवर सुटली. निळ्या ग्रीपचं एक शेपूट बोटाला चिकटलं होतं ते मागे फडफडत होतं. फलकाभोवती मुलींचा घोळका जमला होता आणि सेक्रेटरी तोंडात टाचण्या धरून कागद सरळ करत होते.

"थांबा! लावू नका! माझं चुकलं!"

सेक्रेटरींनी टाचण्या तोंडातून काढल्या. "काय चुकलं?"

"पोर चुकली. म्हणजे खुंटी चुकली. झिजलेली स्टिक मूगची आहे. मी भलत्या खुंटीवर लावली."

"वा! एकतीस वर्षांत एकदा तोंड उघडलंत आणि तेही भलत्या खुंटीसाठी! मघाशी टेबल कोण बडवत होतं?"

"मीच. आता पाय धरायलाही मीच आलोय. पण यादी लावू नका."

"हा काय पोरखेळ आहे? सही झालीय."

तेवढ्यात भोंग्याने हातातली स्टिक उलटी करून पाहिली. "अय्या, म्हणून ही कडेला खरखरीत लागतेय! मला वाटलं काकांनीच घासून ठेवलीय."

 कोचने सेक्रेटरींच्या हातातून यादी अलगद काढून घेतली. "सर, चारला अजून सात मिनिटं आहेत. स्टिक थाप मारत नाही म्हणतात ना काका? चला, विचारू या तिलाच. दोघींनी आपापल्या स्टिका घ्या. डावीकडून दहा दहा चेंडू. उलट्या हाताने."

सगळा घोळका मैदानात उतरला. कोचने डाव्या बाजूला, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, रेषेच्या आत वीस चेंडू मांडले. गोल रिकामा. त्याच्या तळाशी लाकडी फळी. चेंडू फळीला लागला की आवाज येणार.

"रिव्हर्स? मी?" भोंगा म्हणाली. "मॅडम, ते मला झोपेतही जमत नाही." पण मारायला मागे हटली नाही. पहिला चेंडू जागचा हललाच नाही. तिसऱ्याने सेक्रेटरींना उडी मारायला लावली. दहांपैकी दोन फळीला लागले आणि त्या दोनवर तिने असा आरडाओरडा केला की जणू सामनाच जिंकला.

मग मूग आली. तिने बूट टर्फवर दोनदा घासले. कुणाकडे पाहिलं नाही. खाली वाकली, इतकी की डावा गुडघा जमिनीला टेकतो की काय, आणि स्टिक उलटी करून झाडू मारावा तशी फिरवली.

धाड्.

"एक!" भोंगा ओरडली.

धाड्. "दोन!" तिसरा बाहेर गेला. चौथा, पाचवा, सहावा फळीवरच. काकांच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या, बोटं गोंदाने एकमेकांना चिकटली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. सातवा खांबाला लागून आत गेला तेव्हा पूर्वीचे गोलकीपर असलेले सेक्रेटरी स्वतःशीच पुटपुटले, "हा मला दिसलाही नसता."

दहांपैकी आठ.

"किती दिवस मारतेस?" कोचने विचारलं.

"दोन वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

मूगने खांदे उडवले. "कुणी विचारलं नाही."

कोचने यादी गुडघ्यावर ठेवली, अठरावं नाव खोडलं आणि नवं लिहिलं. सेक्रेटरींनी यादीखाली पुन्हा सही केली. कागद चार वाजून नऊ मिनिटांनी फलकावर लागला. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच उशिरा, असं सेक्रेटरी सगळ्यांना ऐकवत होते.

भोंगा फलकापाशी थोडा वेळ उभी राहिली. तिचा आवाज पहिल्यांदाच बंद झाला होता. मग नाक पुसून ती काकांजवळ आली आणि स्टिक पुढे केली. "काका, ही माझी नीट बघा तरी. हिच्यावर काहीच लिहिलेलं नाही का?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार तासांपूर्वी त्यांनीच हिला संघात घातलं होतं आणि आता त्यांनीच काढलं होतं. त्यांनी स्टिक हातात घेतली. कड कोरी होती. अंगठा खाली, वळलेल्या टोकाकडे सरकला. तिथे तळाला, बोटभर जागेत, रंग पार गेला होता.

"अरेच्चा," ते म्हणाले.

"काय?"

"हे बघ. इथे झिजते ती जमिनीलगत चेंडू अडवणाऱ्यांची. आडवी स्टिक टाकून. तू पुढे कशाला खेळतेस गं? तुझी जागा मागे आहे! अहो कोच! जरा इकडे या! पुढच्या वर्षी बचावात कोण आहे आपल्याकडे?"

काकू एव्हाना राहिलेली चप्पल हातात घेऊन फाटकाशी आल्या होत्या. नवरा मैदानाच्या मधोमध एका पायात चप्पल घालून स्टिक नाचवत होता, कोच कमरेवर हात ठेवून ऐकत होती, सेक्रेटरी "नाही, नाही, नाही" म्हणत मान हलवत होते आणि भोंग्याचा आवाज परत आला होता.

"आधी खुंटी बघून घ्या म्हणावं," काकू ओरडल्या.

"ही तिच्या हातातूनच घेतलीय!" काकांनी तिकडूनच उत्तर दिलं.