उघडण्याआधी सगळं बंद

माझे सासरे लिफ्ट मेकॅनिक. दिसेल ती गोष्ट उघडून बघायची त्यांना भारी खोड. घरातला मिक्सरसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. बायपास ठरली तेव्हा त्यांना दुःख एकच : छाती उघडणार आणि आपल्याला आत डोकावता येणार नाही!

ऑपरेशन झकास झालं. तिसऱ्या दिवशी मात्र उशाजवळच्या पडद्यावरची रेघ वेडीवाकडी धावू लागली. ठोके कधी भराभर, कधी अडखळत. सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. सासरे घामाघूम, तरी मान वळवून रेघच बघत होते.

"डॉक्टर, हे बिघडलं कशानं?"

डॉक्टरीणबाईंनी सलाईनमधून औषध सुरू केलं. "कारणं बरीच असतात, काका. हृदयाला हात लागलाय, सूज आलीय. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं, दुखणं अंगावर काढलं, तरी ताल सुटतो. असाच राहिला तर आत गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते." मग त्या सासूबाईंकडे वळल्या. "ठोके आवरणारी जुनी गोळी ऑपरेशनच्या सकाळपर्यंत चालू होती ना? ती मध्येच तोडली की धोका वाढतो. म्हणून तर घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली होती."

"मी रोज हातावर ठेवत होते," सासूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "गडबडीत राहिली असेल एखादी. माझंच चुकलं." आणि त्या डोळे पुसू लागल्या.

सासरे छताकडे बघत राहिले. मला शंका आलीच, पण जावयाने बोलायची सोय नव्हती.

"तिचं नाही चुकलं," शेवटी ते म्हणाले. "गोळ्या मी खिशात टाकत होतो. आमच्यात मशीन उघडायचं तर आधी मेन बंद. चालूत हात घातला की माणूस जातो. म्हटलं, हे लोक आत हात घालणार, आधीपासून सगळं शांत असलेलं बरं."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका, तुमचा मेन आम्हीच बंद केला होता. टेबलावर, आमच्या वेळेला!"

"म्हणजे हृदय बंद होतं? मग रक्त कोण फिरवत होतं?" सासऱ्यांचे डोळे लकाकले. मला हसू आवरेना. सासूबाई हसल्या नाहीत.

संध्याकाळी ठोके तालावर आले. नर्सने आणलेली गोळी सासूबाईंनी स्वतः त्यांच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं.

"आता आ करा. जीभ वर."

"अगं, गिळली!"

"इतके दिवस विश्वास होता, म्हणून हातावर ठेवत होते."

सासऱ्यांनी मुकाट्याने आ केला.