मानेवरची जागा

सेव्हिलमध्ये संत्र्याची झाडं फुलायला लागली की एवारिस्तोला श्वास घ्यायला फुरसत मिळत नसे. दिवसभर जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून पाहुण्यांच्या बॅगा वाहायच्या, कारण तिथे मोटार शिरत नाही. आणि संध्याकाळी चर्चमधल्या मातेच्या मखराखाली मान द्यायची. ईस्टरआधीच्या आठवड्यात निघणारं ते मखर पडद्याआड लपलेले भोई उचलतात, मानेवर आडवी तुळई घेऊन. सराव आधीपासून चालतो, मूर्तीच्या जागी वाळूची पोती ठेवून.

एका पाहुणीने तो उघडा सांगाडा पाहून विचारलं, "मूर्ती कुठंय?"

"ती मागाहून येते, बाई," एवारिस्तो म्हणाला. "आधी ओझं."

असा हा माणूस. साठी उलटली तरी कुणी बॅगेला हात लावू पाहिला तर त्याला राग यायचा. यंदा मात्र त्याला मापाची धास्ती होती. सरावाआधी मुकादम सगळ्यांच्या मानेची उंची बघून रांगा लावतो, कारण रांगेत एक जण बुटका निघाला की त्याचं वजन शेजाऱ्यावर पडतं. आणि एवारिस्तो वयाने उंचीला कमी होत चालला होता. त्याच्या बायकोने, आउरेलियाने, गेल्या हिवाळ्यात त्याच्या विजारी गुपचूप आखूड केल्या होत्या.

मुकादम फेर्मीन त्याचा जुना दोस्त. त्याने मानेवर हात ठेवला, जरा थांबला आणि म्हणाला, "जा, तुझ्या जागेवर."

जागा म्हणजे तिसरी रांग, दामियानशेजारी. दामियान बेकरीवाला, ताडमाड. तुळई रुतू नये म्हणून डोक्याला मानेपर्यंत फडकं कसं बांधायचं हे त्याला एवारिस्तोनेच शिकवलेलं.

पहिल्याच सरावात एवारिस्तो हरखला. तुळई फुलासारखी हलकी. घरी येऊन त्याने आउरेलियाला थेट उचललंच.

"खाली ठेव मला, मेल्या. कंबर मोडेल."

"कुणाची? अगं, मला काही जाणवतच नाही. पुन्हा चाळिशीत आलोय."

आठवडाभर त्याने ही फुशारकी दारूच्या गुत्त्यापासून चर्चच्या पायरीपर्यंत सगळ्यांना ऐकवली. दामियान नुसता हसायचा आणि मान चोळायचा.

पुढच्या सरावात वळणावर मखर थांबलं. भोई तसेच उभे, वजन मानेवर. घाम पुसायला एवारिस्तोने हात मागे नेला आणि त्याचा अख्खा पंजा मान आणि तुळईच्या मधून आरपार गेला.

त्याने हात पुन्हा घालून बघितला. मग शेजारी बघितलं. दामियानचे डोळे मिटलेले, दात आवळलेले, फडक्याखालची मान सोलवटलेली. एवारिस्तोला इतकी लाज वाटली की रडू फुटेल असं झालं. पोराने तक्रारीचा एक शब्दही काढला नव्हता. फेर्मीननेही एवारिस्तोची उंची कमी पडते हे कळूनच त्याला रांगेत उभं केलं होतं.

मखर खाली टेकल्यावर तो तुळईखालून बाहेर आला. खरं बोलावं, तर दामियानचा चांगुलपणा चारचौघांत उघडा पडणार, दोस्ताची मुकादमकी बदनाम होणार. त्याने डोक्याचं फडकं सोडलं.

"फेर्मीन, दुसरा माणूस घे. मला वजन झेपत नाही."

भोयांत हशा उसळला. "काय आजोबा, चाळिशी संपली वाटतं?"

"संपली," एवारिस्तो म्हणाला.

फेर्मीनने फडकं घेतलं. सांगाड्याखालून दामियानचं डोकं बाहेर आलं. त्याने एवारिस्तोकडे बघितलं, आणि हसणाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"जडच आहे ते, काका. तुमच्या बाजूला तर फारच."